बुंधा बघा, बुंधा!

गुलाबाचं रोप विकत घेताना फुलाकडे बघायचं नाही, हा या विद्येतला पहिला नियम. बुंधा बघा, फांद्या बघा, पानं उलटी करून बघा, पिशवीच्या तळाच्या भोकांतून मुळं बाहेर आलीत का ते बघा. फूल मात्र बघू नका. त्यातले कडवे लोक तर फूल असलेलं रोप घेऊच नका म्हणतात. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. फुलावर आलेल्या रोपाची बरीचशी ताकद त्या फुलात गुंतलेली असते. नर्सरीतून डिकीत, डिकीतून कुंडीत असा प्रवास झाल्यावर त्यानं मुळं सावरायची की फूल पोसायचं? त्यापेक्षा तीन-चार निरोगी फांद्यांचं बोडकं रोप आणावं. रुजलं की फुलेलच.

अडचण एवढीच, की बोडक्या रोपाला कुठलं फूल येणार हे फक्त विकणाऱ्याला आणि परमेश्वराला ठाऊक असतं, आणि त्यातला विकणारा अंदाजानं बोलत असतो. फूल हा एकमेव पुरावा, आणि नेमका तोच बघायला मनाई.

आमच्या घरात या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष तळमजल्यावरच्या काकांचा. काका आमच्या घरातले नाहीत, पण गुलाबाच्या बाबतीत त्यांना हे मान्य नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवर गुलाब लावले आणि कर्जदारांवरची नजर रोपांवर वळवली. खिशात कायम एक शिसपेन्सिल असते. ती लिहायला नाही, बुंध्याला लावून बघायला. बुंधा पेन्सिलीपेक्षा बारीक निघाला की अर्ज नामंजूर. दुसरा पक्ष आमच्या हिचा. तिचं सगळं शास्त्र नाकात आहे. ती फुलावर वाकते, डोळे मिटते, आणि एक तर ‘घेऊ या’ म्हणते नाहीतर ‘कागदाचं आहे’ म्हणते. मी कुठल्याच पक्षात नाही. मी गाडी चालवतो.

पुण्यात दिवाळी सरली की गल्लोगल्ली रोपांच्या हातगाड्या फिरू लागतात. गाडीवरच्या गुलाबाला टपोरं फूल असतंच, शेजारी एखादी कळीही असते. भाव दीडशेला सुरू होतो, ‘नको’ म्हटलं की शंभरावर येतो आणि आपण जिना चढायला लागलो की साठ. गाडीवरचे सगळे गुलाब ‘काश्मिरी’ असतात. ‘बारमाही आहे वहिनी, रोज फूल!’ असं तो म्हणतो आणि त्या दिवशीपुरतं ते खरंही असतं. काकांनी एकदा त्यातलं एक रोप दोन बोटांत धरून हलकेच वर ओढलं. ते आलंच वर. खाली मुळं नव्हतीच. कळीसकट फांदी मातीच्या गोळ्यात खोचलेली होती. गाडीवाला जराही वरमला नाही. ‘नवीन आहे काका, येतील की मुळं!’

तसं बघितलं तर तो अगदीच खोटं बोलत नव्हता. गुलाबाच्या काडीला मुळं फुटतात. गावठी गुलाबाच्या तर सहज फुटतात. पावसाळ्यात शेजारणीकडची काडी मागून आणायची आणि खोचायची, या एका तंत्रावर आपल्या आज्यांनी परसं भरवली. कुणी त्यासाठी नर्सरीत गेल्याचं ऐकिवात नाही.

पण बाजारातले मोठ्या फुलांचे गुलाब बहुधा स्वतःच्या मुळांवर उभे नसतात. खाली काटक, रानवट जातीचा खुंट असतो. त्याच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देऊन आत हव्या त्या जातीचा डोळा भरतात, पट्टीनं बांधतात, डोळा फुटला की वरचा खुंट उडवतात. म्हणजे मुळं एकाची, फुलं दुसऱ्याची आणि कौतुक कुंडीच्या मालकाचं. खुंटाला हे कायम डाचत असावं. जरा दुर्लक्ष झालं की तो जोडाच्या खालून स्वतःचा फुटवा काढतो. लांबसडक, तुकतुकीत, जोमदार. घरातले सगळे कौतुकानं म्हणतात, ‘काय वाढतोय बघा!’ आणि बघता बघता वरचा महागडा गुलाब उपासमारीनं जातो.

म्हणून रोप घेतानाच जोड शोधायचा आणि फांद्या त्याच्या वरूनच निघाल्यात ना, ते पाहायचं. सात पानी फांदी जंगली आणि पाच पानी खरी, हा हातगाडीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत चालणारा नियम काकांसमोर उच्चारू नये. चांगल्या घराण्यातल्या कितीतरी गुलाबांना सात पानी डहाळ्या येतात. ‘फुटवा निघालाय कुठून ते बघा, पानं काय मोजत बसता!’ तसंच त्यांचं दुसरं दुखणं म्हणजे विलायती व्हिडिओ. त्यात जोड मातीखाली दोन इंच गाडायला सांगतात. ते तिकडच्या बर्फापासून वाचवण्यासाठी. पुण्यात जोड मातीच्या वर, मोकळ्या हवेत राहिला पाहिजे. सोसायटीत कुणी तो गाडलेला दिसला तर काका बेल वाजवून सांगतात.

खऱ्या खरेदीला आम्ही सोलापूर रस्त्याला जातो. हडपसर मागे पडलं की थेट उरुळी कांचनपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नर्सऱ्याच नर्सऱ्या. तिथं गुलाब ‘कुठला’ हे विचारायचं नसतं, ‘कुठल्या रंगाचा’ एवढंच. लाल, डार्क लाल, पिंक, बेबी पिंक, पिवळा, पांढरा आणि डबल कलर. जातीचं नाव विचारलं की माळीदादा पाण्याचा पाइप न सोडता ‘हायब्रिड’ म्हणतात. त्यात चूक काहीच नाही. १८६७ साली फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ जन्मला, त्याला पहिला हायब्रिड टी मानतात. तेव्हापासून कुठल्याही ऐटबाज गुलाबाकडे बोट दाखवून हायब्रिड म्हणावं, शंभरातले नव्वद वेळा बरोबर येतं.

मला मात्र या बेनाम विक्रीचं वाईट वाटतं, कारण गुलाबांना नावं ठेवताना लोकांनी जीव ओतलाय. डॉ. बी. पी. पाल हे मुळात गव्हाचे शास्त्रज्ञ. तांबेरा रोगाला दाद न देणारा गहू त्यांनी शोधला, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे ते पहिले महासंचालक, आणि गुलाब हे त्यांचं वेड. एका पांढऱ्या गुलाबाला त्यांनी डॉ. होमी भाभांचं नाव दिलं. दुसऱ्या एकाचं नाव ‘रोझ शर्बत’. आयुष्यभर देशाच्या भुकेचा विचार केल्यावर तहानेची आठवण झाली असावी. किंवा तो फिकट पिवळा, कडांना गुलाबी झाक असलेला ‘पीस’ घ्या. फ्रान्सिस मेयां या फ्रेंच माणसानं तो घडवला. १९४५ च्या एप्रिलमध्ये, युरोपातलं युद्ध संपत आलेलं असताना, अमेरिकेत त्याला हे नाव मिळालं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या शिष्टमंडळांना त्याचं एकेक फूल देण्यात आलं. एवढा इतिहास मी नर्सरीत उभा राहून हिला ऐकवला. ती वाकली, डोळे मिटले. ‘शांतता झाली हो, वास कुठाय?’ माळीदादांनी त्याची नोंद ‘पिवळा डबल’ अशी केलेली होती.

हल्ली नर्सरीत ‘डच गुलाब’ नावाचंही एक प्रकरण असतं. फुलवाल्याकडे सेलोफेनमध्ये गुंडाळलेला, हातभर दांडीचा जो गुलाब मिळतो, तो हा. मावळात, तळेगावच्या बाजूला, त्याची पॉलीहाऊसं आहेत आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथून परदेशी पेट्या जातात. तिथं त्याला ठिबकनं मोजून खत, मोजून पाणी, डोक्यावर छप्पर. असल्या लाडावलेल्या जातीला आमच्या गॅलरीत आणून बादलीतलं उरलेलं पाणी घालायचं हे दोघांनाही अवघड. वासाच्या परीक्षेत तर तो पहिल्याच फेरीत बाद होतो. त्याच्या आधीचा, उघड्या शेतात वाढणारा ‘ग्लॅडिएटर’ मला जास्त आपला वाटतो. त्याला कुणी विचारत नाही म्हणून तो रुसत नाही.

नाव आणि फूल एकत्र बघायचं तर जानेवारीतलं प्रदर्शन गाठावं लागतं. एम्प्रेस गार्डनला प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं, आणि गुलाबवाल्यांची स्वतःचीही प्रदर्शनं होतात. बाटलीत एक दांडी, दांडीवर एक फूल, खाली सुवाच्य अक्षरात नाव. अर्ध्यापेक्षा जरा जास्त उमललेलं, मधला गाभा उंच, पाकळ्या एकीवर एक वळत गेलेल्या. आपण वहीत नावं उतरवून घेतो आणि घरी येऊन स्वप्नं बघतो. कुणी सांगत नाही, की त्या एका फुलासाठी त्या दांडीवरच्या बाकीच्या कळ्या बाळपणीच खुडल्यात, आणि ऑक्टोबरात छाटणी कुठल्या तारखेला केली म्हणजे फूल प्रदर्शनाच्या सकाळी असंच उमललेलं असेल, याचं गणित मांडलेलं आहे. काका हे सांगतात, पण प्रदर्शनाच्या हॉलमध्ये, मोठ्यानं, बक्षीस मिळालेल्या गृहस्थांच्या शेजारी उभं राहून.

मग राहिली ऑनलाइन खरेदी. तिथं निळे गुलाब मिळतात. इंद्रधनुषी मिळतात. पाकिटातून बियाही मिळतात, हे पेरा आणि निळा गुलाब घ्या. गुलाबाच्या बीतून आईबापांसारखंच मूल निघत नाही आणि निळ्या रंगाचं मूळ द्रव्यच या कुळात नाही. सनटोरी या जपानी कंपनीनं ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांबरोबर जनुकं बदलून कित्येक वर्षं खटपट केली, आणि २००९ मध्ये जो ‘निळा’ गुलाब बाजारात आणला तो फार तर जांभळट म्हणावा असा. तेच काम इथं पाकिटभर बियांत, घरपोच. तरीही आम्ही एका दूरच्या नर्सरीतून एक रोप मागवलं. खोक्यावर वर जाणारे बाण होते, खोकं उलटं आलं. पानं पिवळी, बुंध्याला चिठ्ठी ‘डबल डिलाइट’. काकांनी पेन्सिल लावली. बुंधा जाड निघाला. हिनं वास घ्यायला काही सापडतंय का पाहिलं आणि सोडून दिलं. थंडीत त्याला फूल आलं. मलईच्या रंगाचं, कडा लाल, आणि वास असा की गॅलरीचं दार उघडं ठेवावं. चिठ्ठीवरचं नाव शंभर टक्के खरं. कुरिअरनं आलेलं, न बघता घेतलेलं रोप असं सर्वगुणसंपन्न निघाल्यामुळे दोन्ही पक्षांची पंचाईत झाली. हा विषय आमच्यात फारसा निघत नाही.

यंदाच्या नोव्हेंबरात पुन्हा उरुळी. काका एका टोकानं पेन्सिल घेऊन, ही दुसऱ्या टोकानं नाक घेऊन, आणि दोघं मधल्या एकाच पिशवीपाशी येऊन थांबली. बुंधा पास, फांद्या चार, जोड स्वच्छ, पानांवर ना भुरी ना काळे ठिपके. आणि शेंड्याला एक गडद लाल, घमघमणारं फूल.

‘फूल आहे,’ काका म्हणाले. ‘नको.’

‘फूल आहे म्हणूनच,’ ही म्हणाली.

‘याच ओळीतलं बिनफुलाचं घेऊ.’

‘आणि ते पांढरं निघालं म्हणजे?’

माळीदादांनी पाइप खाली ठेवला. कमरेची कात्री काढली, कच्चकन ते फूल दांडीसकट उतरवलं आणि हिच्या हातात दिलं. पिशवी उचलून काकांच्या हातात दिली. ‘हे फूल वहिनींचं. हे बिनफुलाचं रोप काकांचं.’

‘अहो, काप पाच पानांच्या वर घ्यायचा असतो! आणि तिरका!’ काका ओरडले. (इथं पानं मोजलेली चालतात.)

माळीदादा माझ्याकडे वळले. ‘तीनशे द्या साहेब. फुलाचे काही नाहीत.’