चि. मायक्रोग्रीनास खुलं पत्र

चि. मायक्रोग्रीन यास,
भिलाईहून अनेक उत्तम आशीर्वाद. पत्रास कारण की, बाळसं धरायच्या आत तुझी कापणी झाली आणि पारदर्शक डब्यात बसून तू आमच्या सेक्टरात आलास. मोठं होण्याची कटकटच नको, हे तुझं धोरण फार आवडलं. आम्ही निवृत्त होईपर्यंत वाढत राहिलो, मुख्यतः कमरेत.

डब्यावर ‘लोकल’ असं छापलंय. या गावात १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, आणि मे महिन्यात सूर्यही तिच्याशी पैज लावतो. अशा ठिकाणी तू एसीत, एलईडीखाली वाढतोस! फुकटचं ऊन खिडकीबाहेर ठेवायचं आणि कोळसा जाळून केलेली वीज आत घ्यायची. बुडाखालचं कोकोपीटही नारळाच्या मुलखातून आलेलं. तरी तू लोकल. आणि दुर्गकडच्या खेड्यातून भारा घेऊन सुपेल्याच्या बाजारात बसणारी बाई नुसती भाजीवाली, कारण तिच्या जुडीला लेबल नाही.

तिच्यापुढे कधी थांबून बघ. लाल भाजी, चेच, अमारी म्हणजे आपली अंबाडी, चरोटा म्हणजे टाकळा. हिवाळ्यात तिवरा, ज्याला आमचे विदर्भवाले लाखोळी म्हणून ओळखतात. तो उभ्या धानातच फेकून पेरतात. धान निघालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढतो. वेगळं पाणी नाही, नांगरट नाही. कोवळे शेंडे खुडले की भाजी.

तुझं प्रगतिपुस्तकही वाचलं. २०१२ साली मेरिलँडच्या संशोधकांनी तुझ्या २५ जाती तपासल्या. पुष्कळांमध्ये पूर्ण वाढलेल्या पानांपेक्षा जीवनसत्त्वं जास्त निघाली. ‘क’मध्ये लाल कोबी पहिला. अभिनंदन. पण ती तुलना वजनास वजन. पोह्यांवर चिमूटभर तू आणि ताटात वाटीभर लाल भाजी, हा हिशेब जाहिरातीत कुठे दिसला नाही.

आणि घरात, उन्हाशिवाय रोपं वाढवणं ही नवी कला आहे, असं तुझे मालक म्हणत असतील, तर त्यांना श्रावणात इथल्या एखाद्या गावात पाठव. मुली टोपलीत गहू पेरून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात, हळदीचं पाणी शिंपडतात. पिवळेधमक कोंब येतात, ती भोजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी तिचं विसर्जन. मग ते कोंब एकमेकींच्या कानावर खोचून दोघी जन्माच्या मैत्रिणी होतात. पुढे नावानं हाक मारायची नाही, ‘भोजली’च म्हणायचं. तुझ्या डब्यातून मला सवलतीचा कूपन कोड मिळाला.

राग मानू नकोस. मुळ्याचं रोप थालीपिठावर मस्त झणझणतं, आणि पावसाळ्यात पालेभाजी चिखलानं माखून येते तेव्हा तुझी आठवण होईलच. फक्त चटणीच्या जागी बस, भाजीच्या जागेवर हक्क सांगू नकोस.

आपला,
सेक्टरातला एक जुना भाजीखाऊ

ता. क. मायक्रोग्रीन घरीच उगवू पाहणाऱ्या शेजाऱ्यांसाठी: मोहरी आणि मेथी किराण्यातली चालते. शेतीच्या दुकानातलं रंग चढवलेलं बी घेऊ नये, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. मिठाईच्या डब्याला खालून भोकं पाडली की ट्रे झाला. मेथी मात्र वेळेवर कापा. ठेवली की कडवटते.