सरासरीत न मावणारं शेत

सोयाबीनच्या झाडावरच शेंगेतल्या दाण्याला कोंब फुटलेला पाहिलाय कधी? 2025च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत मराठवाड्यातल्या शेतांत तो दिसत होता. सीना नदीच्या काठी तर पुरानं अनेकांच्या रानात कोंब यायलाही काही उरलं नव्हतं. पीक गेलं, त्याखालची काळी माती गेली, मुरूम उघडा पडला. विहिरी गाळानं भरल्या.

आणि नेमक्या त्याच वर्षी, खरिपाच्या तोंडावर, राज्यानं पीकविम्याचे चार आधार काढून घेतले होते. पेरणी न होणं, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान, सगळं गेलं. आधी शेतात पाणी साचलं की 72 तासांत कळवायचं आणि स्वतःच्या शेताचा पंचनामा व्हायचा. आता उरला फक्त पीक कापणी प्रयोग. महसूल मंडळातल्या ठरावीक शेतांत पीक कापून वजन करायचं, सरासरी काढायची, ती उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली तरच भरपाई. ओढ्याकाठचं रान खरडून गेलं, पण माळावरच्या शेतांनी सरासरी राखली, तर ओढ्याकाठच्या माणसाला दमडी नाही. हा कसला विमा?

2023मध्ये एक रुपयात विमा आला तेव्हा बोगस अर्ज झाले, हे खरंच. देवस्थानांच्या, गायरानांच्या जमिनी दाखवून विमे उतरवले गेले. मग त्या लोकांना धरा! त्यांच्यापायी खऱ्या शेतकऱ्याचं छप्पर का काढलं?

पुरानंतर, 2025च्या ऑक्टोबरात, 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि 3 लाखांपर्यंत रोजगार हमीतून. मदत हवीच होती. पण ती सरकारच्या मनावर. विम्याचा हप्ता भरलेला माणूस हक्कानं दार ठोठावतो.

हा हक्काचा विचार याच मातीतला आहे. 1972च्या दुष्काळात इथं रोजगार हमी उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला आणि काम मागणं हा अधिकार ठरला. विम्याची भरपाईही तसाच अधिकार हवा, कारण आता पाऊस महिन्याचा एका रात्रीत पडतो. स्थानिक आपत्तीचं कलम पीकविम्यात कायमचं हवं, आणि पंचनामा ज्याचं रान वाहून गेलं त्याच्याच बांधावर व्हायला हवा.