खव्याच्या भट्टीवर पार्मेझान

परंड्याच्या परिसरात पाऊस बेभरवशाचा, जनावर त्यातल्या त्यात भरवशाचं, आणि उन्हाळ्यात दूध दुपारपर्यंतही इमान राखत नाही. म्हणून ते आटवायचं. शेजारच्या भूम तालुक्यात गावोगाव खव्याच्या भट्ट्या आहेत आणि कुंथलगिरीच्या पेढ्याची ख्याती वेगळी सांगायला नको. आमच्या तात्यांची उभी हयात अशाच एका कढईपुढे गेली. आता भट्टी मुलाकडे आहे. पण दुधाचा कुठलाही पदार्थ समोर आला, की तात्या तो आधी दोन बोटांत चोळतात, मग हुंगतात, मग हिशेब विचारतात. चव शेवटी. ती गिऱ्हाइकानं बघायची, असं त्यांचं मत.

हॉलंडला वाखेनिंगनच्या शेती विद्यापीठात शिकणारी भाची सुट्टीत बॅगभर चीज घेऊन आली आणि थेट या परीक्षकापुढे बसली.

पहिलं पार्मेझान. तात्यांनी अंगठ्याखाली खडा फोडला. "दाणेदार हाय. दूध किती लागलं?"

"चाळीस किलोच्या एका चाकाला साडेपाचशे लिटर, आजोबा."

"म्हंजी किलोला चौदा लिटर! आपल्यात पाचाला किलो पडतोय. आन् इकायचं कधी?"

"कमीत कमी वर्षभर मुरवतात. कधी दोन-तीन वर्षं."

"मग तवर व्याज कोण भरतंय?"

चीजवर रसाळ लिहिणाऱ्यांपैकी हा प्रश्न मी कुणाला विचारताना पाहिलेलं नाही. उत्तर मात्र आहे. इटलीतली क्रेडिटो एमिलियानो ही बँक चीजची चाकंच तारण घेते, आपल्या गोदामात सांभाळते आणि त्यावर कर्ज देते. तात्या बराच वेळ गप्प राहिले. "आपला खवा तारण ठेवला," ते शेवटी म्हणाले, "तर कर्ज मंजूर व्हायच्या आत बुरशी यील."

"बुरशी आली की त्याला रॉकफोर म्हणायचं," भाचीनं दुसरी पुडी सोडली.

दक्षिण फ्रान्समधल्या रॉकफोर गावाजवळ कोंबालू डोंगराच्या गुहा आहेत. मेंढीच्या दुधाचं हे चीज तिथे निळ्या बुरशीसकट मुरतं. ते मुरवण्याचा हक्क राजा सहाव्या चार्ल्सनं 1411 मध्ये त्या गावालाच दिला आणि 1925 मध्ये कायद्यानं नावही राखून ठेवलं. मी खाल्लं. आधी मीठ, मग लोणी, आणि मागाहून जुन्या वाड्याचं बळद उघडल्यावर येतो तो वास. मला आवडलं, घरात हे मत एकट्याचंच.

"गुहा कशाला, आपल्या किल्ल्यात तळघरं हायत की," तात्या म्हणाले. हायत, पण रॉकफोरला बारमाही गारवा लागतो. मे महिन्यात परंड्याच्या किल्ल्यात तसा गारवा आणण्यापेक्षा निजामशाही परत आणणं सोपं जाईल.

मग आला खरा प्रश्न. "विरजण कशाचं?"

भाची चाचरली. पार्मेझानला वासराच्या जठरातलं, रॉकफोरला कोकराच्या. तात्या माळकरी. ते उठले, गरम पाण्यानं हात धुऊन आले आणि दोन्ही पुड्या काठीनं माझ्याकडे सरकवल्या. लिंबर्गर चीजचा वास आणि माणसाच्या पायाचा वास मलेरियाच्या डासांना सारखाच प्रिय असतो आणि या शोधाला 2006 मध्ये इग नोबेल मिळालं, ही माहिती भाचीनं नंतर फक्त मला दिली.

उरलं ब्रूनोस्त. हे नॉर्वेचं. चीज काढल्यावर उरलेलं पाणी तासन्‌तास आटवायचं, त्यातली साखर तपकिरी होईपर्यंत. 1863 च्या सुमारास आन्ने होव या बाईनं त्यात साय घालायला सुरुवात केली आणि पदार्थाचं नशीब पालटलं. 2013 मध्ये नॉर्वेतल्या एका बोगद्यात 27 टन ब्रूनोस्त भरलेला ट्रक पेटला आणि आग बरेच दिवस विझेना. भाचीनं आणलेलं मात्र मुंबईच्या इलेफ्थेरियाचं होतं, पाकिटावर हिरवा ठिपका असलेलं. तात्यांनी चोळलं, हुंगलं आणि चक्क तोंडात टाकलं.

"खवाच हाय की. जरा बुडाला लागलाय."

"आजोबा, 2021 मध्ये स्पेनला जागतिक स्पर्धेत याला रौप्यपदक मिळालंय!"

"मग? लागला नसता तर सोन्याचं मिळालं असतं."

चेडर, गौडा, कामांबेर, रॉकफोर ही सगळी मुळात गावं. चीजनं त्यांना जगभर नेलं. आमच्याकडे उलट चालतं. मुलूख मैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली, परंड्याच्या किल्ल्यावर राहिली, 1632 मध्ये विजापूरला गेली आणि आता विजापूरचीच झाली. खवाही इथून निघतो आणि शहरात पोचेस्तोवर दुसऱ्याच्या पाटीखालचा गुलाबजाम होतो. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण रॉकफोरनंतर शंभरेक वर्षांनी. पुढच्या वेळी गुलाबजाम घ्याल तेव्हा दुकानदाराला खवा कुठला ते विचारा. तो कपाळाला आठ्या घालील. तरी विचारा.