चौकोनात मावेल तेवढं

कामाला शिस्त लावायचं मराठी माणूस ठरवतो, तेव्हा तो मंगळवारपासून कधीच लावत नाही. शिस्त सोमवारपासून लागते, नाहीतर एक तारखेपासून. एक तारीखच सोमवारी आली तर दुग्धशर्करा योग. आदल्या रात्री घरोघर वह्या उघडतात, पट्टी सापडते, लाल पेन सापडत नाही. काम जरा मोठं असेल, म्हणजे माळा आवरणं किंवा जुन्या फोटोंचे अल्बम लावणं, तर मुहूर्तही तसाच मोठा लागतो. श्रावणात पाहुणेरावळे असतात, गणपती झाले की बघू. गणपती गेले की पितृपक्ष, त्यात नवं काही नको. मग नवरात्र आणि मग दिवाळी तर होऊन जाऊ दे. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात. ती उरकेपर्यंत डिसेंबर सरतो आणि ‘नव्या वर्षापासून’ हे आपसूक ठरतं. नव्या वर्षात मार्चएण्ड असतो.

याला आळस म्हणू नये. काम आखणं हा काम करण्याहून निराळा आनंद आहे, आणि तो पुष्कळांना पुरतो. रविवारी रात्री आपण जे वेळापत्रक आखतो त्यात एक माणूस राहत असतो. तो पाचला उठतो, फिरून येतो, साडेसहाला टेबलाशी बसतो. तो अंघोळीला गेला की सिलिंडरवाला बेल वाजवत नाही. सोसायटीचा पंप त्याच्या वेळेत बिघडत नाही. ‘दोनच मिनिटं बोलते’ म्हणून आत्याचा फोन त्याला येत नाही. दुपारी जेवल्यावर त्याला झोप येत नाही, हे तर मला अमानुषच वाटतं. पण माणूस चांगला आहे. त्याची भेट व्हावी म्हणून मी दर रविवारी थांबतो.

या माणसाचे मूळ पुरुष बेंजामिन फ्रँकलिन. त्यांच्या आत्मचरित्रात दिवसाचं छापील वेळापत्रकच आहे. पाचला उठायचं, आज काय भलं काम करू हे स्वतःला विचारायचं, आठ ते बारा काम, दोन तास जेवण, वाचन आणि हिशेब, पुन्हा सहापर्यंत काम. संध्याकाळी वस्तू जागच्या जागी ठेवायच्या आणि आज काय भलं केलं हे विचारून दहाला झोपायचं. जगभरच्या वेळापत्रकवाल्यांनी हा तक्ता उचलला. त्याच प्रकरणात पुढे म्हातारबुवा काय सांगतात, तिकडे मात्र फारसं कोणी वळत नाही. अंगी बाणवायला त्यांनी तेरा गुण निवडले होते आणि त्यांत सगळ्यात जास्त छळलं ते ‘व्यवस्थितपणा’ या गुणाने. हे त्यांनी लिहिलं १७८४ साली पॅरिसजवळच्या पासी गावी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. म्हणजे उमेदवारी बऱ्यापैकी झाली होती.

तिथेच ते एका कुऱ्हाडीची गोष्ट सांगतात. एका माणसाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि हट्ट धरला, की धारेसारखंच सगळं पातं चकचकीत करून दे. लोहार म्हणाला, करतो, तू चाक फिरव. त्याने पातं दगडावर असं दाबून धरलं की चाक फिरवता फिरवता गड्याचा घाम निघाला. दर थोड्या वेळाने तो येऊन बघे, किती झालं. शेवटी म्हणाला, आहे तशी दे. लोहार म्हणाला, अरे अजून ठिपके आहेत, फिरव. त्यावर गडी म्हणतो, असू देत, मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड जास्त आवडते! एवढं लिहून ठेवणाऱ्या माणसाचा तक्ता तेवढा आपण भिंतीला चिकटवला आणि कुऱ्हाड परत केली.

आता डायऱ्यांकडे वळू. जानेवारीत कुठून कुठून त्या येतात. पुठ्ठ्याचं जाड बांधणीचं पुस्तक, एका दिवसाला एक अख्खं पान, त्यावर सकाळी आठपासून अर्ध्या अर्ध्या तासाच्या रेघा. पहिली चार पानं सुवाच्य अक्षरात भरतात. पुढे साधारण मकरसंक्रांतीला शाई संपते आणि डायरीचं खरं आयुष्य सुरू होतं. आमच्या नात्यातल्या एका काकूंच्या अशा डायरीत १४ मार्चला बेसनाचे लाडू आहेत. दुपारी अडीचच्या रेघेवर ‘पाक एकतारी’ आणि साडेतीनला ‘वेलची आठवणीने’. २ जूनला भिशीचा हिशेब. डायरीचा याहून चोख उपयोग माझ्या पाहण्यात नाही.

पान रिकामं पडतं याचं कारण आपला नादानपणा नव्हे, पान फार मोठं असतं हे आहे. मोठं पान दिसलं की माणूस ते भरतो, आणि भरताना त्याचा अंदाज हमखास चुकतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली या खोडीकडे बोट दाखवलं. पुढे १९९४ साली रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या मुलांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत संपेल? मुलं सरासरीने म्हणाली, ३३.९ दिवस. बरं, सगळं बिनसलं तर? ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे सगळं बिनसेल हे गृहीत धरून केलेला हिशेबही आशावादीच निघाला. ‘गणपतीच्या आत रंगकाम हातावेगळं करून देतो’ म्हणणाऱ्या आपल्या रंगाऱ्याला यात नवल वाटणार नाही. तो फक्त कुठले गणपती ते सांगत नाही.

आणि ज्याच्याकडे एकच काम आणि अख्खं पान असेल, त्याचंही काही खरं नाही. पार्किन्सन साहेबांनी १९५५ साली ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये लिहिलेल्या लेखात एक निवांत म्हातारी आहे. तिला भाचीला पोस्टकार्ड पाठवायचंय. तासभर कार्ड शोधण्यात, तासभर चष्मा, मग पत्ता, मग मजकूर, आणि पेटीपर्यंत जाताना छत्री घ्यावी का यात वीस मिनिटं. दिवस संपतो आणि बाई दमते. हाताशी जितका वेळ असेल तितकं काम फुगतं, हा त्यांचा सिद्धांत. आजच्या म्हातारीला चष्मा शोधता शोधता व्हॉट्सॲपही सापडलं असतं; ते कार्ड पुढच्या आठवड्यात गेलं असतं.

यावर इलाज निघाले नाहीत असं नाही. टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती, ही फ्रान्चेस्को चिरिलो यांची युक्ती बऱ्याच जणांना लागू पडते. मोबाइलमधल्या ॲपांबद्दल मात्र माझं मत चांगलं नाही. न केलेल्या कामाची घंटा ती वाजवतात, आणि तसली घंटा वाजवायला घरात माणसं आहेत.

माझं मत पडतं ते भिंतीवरच्या कालनिर्णयाला. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते काढलं तेव्हा लोकांच्या कामाची उत्पादकता वगैरे त्यांच्या मनात नसावी. पण त्यातला तारखेचा चौकोन बघा. निम्मी जागा आकड्याने खाल्लेली, थोडी तिथी-नक्षत्राने, संकष्टी असेल तर चंद्रोदयाने. उरते ती बोटाच्या पेराएवढी. तिथे किती लिहाल? आमच्या चालू महिन्याच्या पानावर ४ तारखेला ‘गॅस लावला’ आहे, ९ ला दुधाचा खाडा, १२ ला बाईंचा खाडा, १५ ला ‘लाइट बिल’. कुठल्याही चौकोनात दोनाहून जास्त नोंदी नाहीत, कारण तिसरी लिहिली तर एकादशी झाकली जाते. आणि गंमत म्हणजे तिथे लिहिलेलं बहुतेक सगळं होतं. ‘आयुष्याला वळण लावणे’ असं त्या चौकोनात कोणी लिहीत नाही. मावतच नाही.

आणखी एक गोष्ट त्या चौकोनांत आहे, ती मला उशिरा दिसली. बुधवारी डब्यात उसळ न्यायची असेल, तर हिच्या अक्षरात बुधवारी काहीच लिहिलेलं नसतं. सोमवारच्या चौकोनात ‘मटकी’ असतं. सोमवारी रात्री ती भिजत पडली, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली, तर बुधवारी मोड वर येतात. मी बुधवारी ‘उसळ’ असं लिहिणारा माणूस. ‘लेख पूर्ण करणे’, ‘कपाट आवरणे’, ‘वजन’. या सगळ्या उसळी. त्यांच्या आधीची मटकी कुठल्या वारी भिजत घालायची, हे डायरीच्या अर्ध्या तासाच्या रेघा विचारत नाहीत. ही मात्र सोमवारी रात्री दिवे मालवताना विचारते, “अहो, मटकी घातलीत का भिजत?” चौकोनात लिहिलेलं असतं, त्यामुळे ‘तू सांगितलंच नाहीस’ म्हणायची सोय नसते.

तेव्हा ज्यांना येत्या एक तारखेपासून शिस्त लावायची आहे त्यांनी एवढंच करून पाहावं. मोठी वही मिटावी, कालनिर्णयाशी उभं राहावं आणि उद्याच्या चौकोनात मावेल तेवढंच लिहावं. अक्षर बारीक काढायचं नाही. पाठीमागचं पान वापरायचं नाही, तिथे पाककृती आणि लेख असतात. माळ्याचं काम मावत नसेल तर ‘शिडी मागणे’ लिहावं. माझ्या उद्याच्या चौकोनात दाढ दाखवायची आहे, साडेचारला. दुसरं काही लिहिलेलं नाही.