बोनेट थंड आहे का?

जुनी डिझेल गाडी बघायला गेलात की आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर मी यायच्या आधी गाडी कशाला चालू केली होती, असं सरळ विचारा. उत्तर काहीही येवो, त्या दिवशी सौदा करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, आधी न कळवता, पुन्हा जा. वापरलेल्या डिझेलची अर्धी हकीकत पहिल्या सेल्फला कळते, आणि विकणाऱ्याला हे तुमच्याआधी ठाऊक असतं.

नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही, पण आईवडिलांना आणि पोरांना घेऊन आंबा घाट उतरून गावी जायचंय, वाटेत गाडीने दम सोडता कामा नये, अशा घरांसाठी हे लिहितो आहे. त्या घराचे पाच-सहा लाख म्हणजे बहुतेक वेळा मोडलेली एफडी असते. तिच्याशी होणारा खेळ पाहून राग येतो, तो लपवायचं कारण नाही.

उदाहरण म्हणून मारुतीची विटारा ब्रेझा डिझेल घेऊ. जुन्या बाजारात छोटी डिझेल एसयूव्ही म्हटलं की हे नाव लगेच पुढे येतं. मार्च २०१६मध्ये ती आली. लांबी ३९९५ मिलिमीटर, ग्राउंड क्लिअरन्स १९८ मिलिमीटर, डिकी ३२८ लिटर, टाकी ४८ लिटर. इंजिन १२४८ सीसीचं, ताकद ९० पीएस, टॉर्क १७५० आरपीएमला २०० न्यूटन-मीटर. जाहीर केलेलं अ‍ॅव्हरेज लिटरला २४.३ किलोमीटर. भरलेली गाडी, एसी आणि गावातली वाहतूक धरली तर १८ मिळाले तरी समाधान मानावं. लांबी चार मीटरला पाच मिलिमीटर कमी ठेवली ती करासाठी. चार मीटरच्या आतली लांबी आणि १५०० सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असेल तर कर कमी लागतो. आपल्याकडच्या छोट्या एसयूव्ही त्या रेघेच्या आत बसतील अशाच बेतलेल्या असतात. चारही चाकांना ताकद मिळते असंही समजू नका. ब्रेझाची पुढचीच चाकं ओढतात.

इंजिन मात्र खरोखर गुणी. फिएटचं हे मल्टिजेट पुण्याजवळच्या रांजणगावला तयार होत होतं, आणि मारुती ते परवान्यावर मानेसरलाही बनवत होती. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, टाटाची व्हिस्टा आणि झेस्ट, फिएटची पुंटो, अशा कितीतरी गाड्यांत तेच किंवा त्याचं भावंड बसलं. म्हणून चिपळूणचा मेकॅनिक असो की उदगीरचा, हे इंजिन त्याच्या हाताखालून गेलेलं असतं, आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. माझ्या मते या गाडीच्या भरवशाचं सगळ्यात मोठं कारण हेच. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. ठरावीक किलोमीटरला ती बदलायची नसते. पण चेन जगते ती ऑइलवर. दहा हजारांना बदलायचं ऑइल कुणी वीस हजारांपर्यंत ओढलं असेल, तर चेन सैल पडते आणि तो खर्च नव्या मालकाच्या वाट्याला येतो.

एप्रिल २०२०मध्ये बीएस-सिक्स नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल बंदच केलं. म्हणजे आज मिळणारी सगळ्यात तरुण ब्रेझा डिझेलसुद्धा २०२०च्या सुरुवातीची. या वयाच्या गाडीबद्दल कॅटलॉग काय सांगणार?

फसवणूक इथूनच सुरू होते. “मारुतीचं डिझेल आहे साहेब, काही होत नाही.” हे वाक्य लाखो गाड्यांबद्दल आहे. समोर उभी आहे ती एकच गाडी, तिला ठरावीक माणसांनी, ठरावीक रस्त्यांवर, ठरावीक पंपांचं डिझेल घालून चालवलेलं आहे. तिच्याबद्दल या वाक्यातून काहीच कळत नाही.

आता सुरक्षेचं बघा. २०१८मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत ब्रेझाला मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी दोन स्टार मिळाले. विकणारा चार सांगतो, दोन सांगत नाही. त्याहून वाईट गोष्ट अशी की २०१६-१७च्या खालच्या एलडीआय आणि व्हीडीआय गाड्यांत दुसरी एअरबॅग आणि एबीएस वेगळे पैसे मोजल्यावरच मिळत. ते पैसे मोजून घेतलेल्या गाड्यांच्या नावापुढे कंसात ‘ओ’ असतो. मे २०१८पासून दोन्ही गोष्टी सरसकट आल्या. नाव तेच, आकार तोच, रंगही तोच. पण एका गाडीत तुमच्या शेजारी बसणाऱ्या माणसापुढे एअरबॅग आहे आणि दुसरीत नाही. स्वस्तात मिळते म्हणून एबीएस नसलेली गाडी घाटात घालू नका. म्युझिक सिस्टीम नंतर बसवता येते, हे नाही.

मग मीटर. आठ वर्षांची डिझेल गाडी आणि मीटरवर अठ्ठेचाळीस हजार. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरायला डिझेलचे जास्तीचे पैसे कोण मोजतं? मोजणारे असतात, पण ते सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची. डिजिटल मीटर मागे घ्यायला लॅपटॉप आणि थोडा वेळ पुरतो. खरा आकडा मात्र गाडीवर इतरत्र राहून जातो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर द्या आणि कोणत्या तारखेला किती किलोमीटर होते ते विचारा. मालक सोबत असेल तर सांगतात. ब्रेक-क्लचच्या पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय का, स्टिअरिंगवर चकाकी आलीय का, ड्रायव्हरच्या सीटचा दाराकडचा फोम बसलाय का, ते पाहा. टायरच्या कडेला चार आकडे असतात: ३२१७ म्हणजे २०१७चा ३२वा आठवडा. मीटर तीस हजार दाखवतंय आणि चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी तरुण आहेत, तर मूळचे टायर कुठे गेले? हा प्रश्न विचारा आणि गप्प राहा.

यात आपलाही वाटा आहे. लाखाचा आकडा दिसला की आपण तोंड फिरवतो, म्हणून मीटर मागे फिरतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर एक लाख तीस हजार धावलेली आणि दर दहा हजारांना ऑइल बदललेली गाडी मी डोळे झाकून पसंत करीन. पार्किंगमध्ये उभी राहून दर रविवारी बाजारापर्यंत गेलेली चाळीस हजारांची गाडी घेताना दहा वेळा विचार करीन. डिझेल इंजिनाला लांबचा रस्ता मानवतो. थोडं-थोडं चालून ते नीट तापत नाही, आणि काजळी ईजीआर व्हॉल्व्हमध्ये साचत जाते.

पहिला सेल्फ मारताना घाई नको. चावी फिरवा, हीटरचा पिवळा दिवा विझू द्या, मग सेल्फ. एक-दोन आवर्तनांत इंजिन लागलं पाहिजे. पहिले दोन-तीन सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर चेनकडे बोट जातं. पांढरा धूर रेंगाळत राहिला तर डिझेल पूर्ण जळत नाही: नोझल, हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोच्या सीलमधून किंवा रिंगांमधून. जोर दिल्यावर भसाभस काळा निघाला तर हवा कमी पडतेय किंवा नोझल जास्त ओततंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडा. तिथून वाफेचे ठोके फक-फक बाहेर येत असतील तर सिलिंडर झिजलेत, आणि तो सौदा सोडून द्या. पट्टीवरचं ऑइल काळं दिसलं म्हणून मात्र घाबरू नका. डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं.

नंतर चढ शोधा. सपाट रस्त्यावरची चक्कर विकणाऱ्याच्या सोयीची असते. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर पाय दाबा. सुरुवातीला गाडी सुस्त वाटेल. हे इंजिन १७५०च्या खाली नवं असतानाही सुस्तच असतं, तो दोष धरू नका. पण १८००-२०००नंतर ओढ स्वच्छ वाढत गेली पाहिजे. ती आली नाही, किंवा नुसती शिट्टी वाढली आणि वेग नाही, तर टर्बो, त्याचा पाइप किंवा अ‍ॅक्च्युएटर दुखावलाय.

पुराचं पाणी प्यालेल्या गाड्यांबद्दल तर जास्तच चीड येते. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं, तेव्हा गाड्याही बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून लांबच्या जिल्ह्यात विकायला उभी करणं अवघड नसतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि टोकाला गढूळ डाग दिसतो का पाहा. कार्पेट उचला, सीटच्या रुळांवरचा गंज बघा, स्टेपनीच्या खड्ड्यातल्या कोपऱ्यांत बोट फिरवा. डिझेल इंजिनात पाणी शिरलं असताना सेल्फ मारला गेला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. वरवर दुरुस्त झालेली अशी गाडी कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

दिल्लीच्या गाड्यांचा मोह वेगळा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये ती उचलून धरली. २०२५मध्ये न्यायालयाने कारवाईला मर्यादा घातली, तरी तिथल्या जुन्या डिझेलचा भाव पडलेला राहिला आणि इकडचे दलाल स्वस्त म्हणून त्या आणतात. एनओसी, इथला रस्ता कर, नवं पासिंग आणि एजंटचे हेलपाटे मिळवून बघा. स्वस्ताई कुठे उरते?

आणि तुम्हाला डिझेल हवं कशाला? २०२५मध्ये मुंबईत डिझेल पेट्रोलपेक्षा लिटरमागे तेरा-चौदा रुपयांनी स्वस्त होतं. पेट्रोल १०३ आणि १४चं अ‍ॅव्हरेज, डिझेल ९० आणि १८चं, असं धरलं तर किलोमीटरमागे अडीच रुपयांच्या आतबाहेर वाचतात. महिन्याला पाचशे किलोमीटर म्हणजे हजार-बाराशे. चारही नोझल बदलायची वेळ आली तर ही बचत कित्येक महिने मागे जाते. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर असतील तरच डिझेलकडे वळा. शहरात वापरायला २०२०नंतरची बीएस-सिक्स डिझेल घेणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. तिच्यातला काजळीचा फिल्टर साफ व्हायला इंजिन सलग तापलेलं लागतं, आणि सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीला ते मिळत नाही.

कागद थोडक्यात. आरसीवरचा बँकेचा बोजा उतरलाय का, थकलेली चलनं किती, मालक कितवा, हे एमपरिवहनवर दिसतं. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळणार नाही हे धरून चला. विकणाऱ्यानेही लक्षात ठेवावं: अपघात झाला तर भरपाई आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलंय. ताबा पावतीवर विसंबू नका. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं, आणि ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांची नोंदवही ठेवावी लागते. दोन्ही मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर त्या दुकानातून बाहेर पडा.

पण सगळा भार ग्राहकावर का? ब्रिटनमध्ये गाडीच्या वार्षिक एमओटी तपासणीत मीटरचा आकडा नोंदवतात, आणि नंबर टाकला की कुणालाही तो वर्षावर्षाने पाहता येतो. आपल्याकडे बीएस-फोर गाडी दरवर्षी पीयूसीला जातेच. तिथे कॅमेरा असतो, नंबर प्लेटचा फोटो निघतो, धुराचे आकडे सरकारी यंत्रणेत चढतात. त्याच वेळी मीटरचाही एक फोटो काढा आणि आकडा वाहनाच्या नोंदीला जोडा. यंदाचा आकडा मागच्यापेक्षा कमी आला तर ती नोंद विकत घेणाऱ्याला एमपरिवहनवर लाल अक्षरांत दिसली पाहिजे. नवं केंद्र उभारायला नको, नवा माणूस नेमायला नको. परिवहन खात्याने हे याच वर्षी सुरू करावं.