नीटनेटक्यांपासून सावध

सिडनीतल्या आमच्या निवृत्त कोबोलवाल्या प्रोग्रॅमरांच्या कंपूला हल्ली एक वेड लागलंय. ‘हर्क्युलिस’ नावाचा फुकट प्रोग्रॅम लॅपटॉपलाच आयबीएमचा मेनफ्रेम करून सोडतो. ज्याला पूर्वी अख्खं वातानुकूलित दालन लागायचं, तो आता पोह्यांच्या बशीशेजारी सुखाने नांदतो. त्यावर एमव्हीएस ३.८ ही त्याची ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची, जुनी जॉब चालवायला सोडायची आणि ती ‘एस झिरो सी सेव्हन’ म्हणत आडवी होताना बघायची. आकड्याच्या जागी भलतंच काही आलंय, एवढं आम्हाला झोपेतही कळतं. बाकीच्या संदेशांना मात्र मॅन्युअल लागतं. त्यातही बरेचदा उपाय हाच, की सिस्टिम प्रोग्रॅमरला विचारा. तो तर समोर पोहे खात असतो!

बरीच मॅन्युअलं लोकांनी स्कॅन करून ठेवली आहेत. पण हवी ती आवृत्ती त्यात नसते, आणि मग गॅरेजं धुंडाळणं आलं.

ही मॅन्युअलं पोथीसारखी सुट्या पानांची, फक्त भोकं पाडून फायलीत अडकवलेली. अधूनमधून सुधारित पानांचं पाकीट यायचं. जुनी पानं काढा, नवी घाला. मजकूर कुठे बदलला ते समासातली उभी रेघ सांगे. शिस्तीचा माणूस त्याच दिवशी हे उरकून जुनी पानं टोपलीत टाकी. आळशी माणूस पाकीट न फोडताच कपाटावर भिरकावी. आज आम्हाला नेमकी ती जुनी पानं हवी आहेत, आणि त्या महात्म्याकडे जुनी-नवी दोन्ही शाबूत!

कागद टिकतात ते असे नियम न पाळणाऱ्यांमुळेच. याच शहरातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी १९७६ साली विद्यार्थ्यांसाठी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर ओळीगणिक भाष्य लिहिलं. यंत्र मेनफ्रेम नव्हे, पीडीपी-११ हा मिनी. पण गत तीच. पुढल्या आवृत्तीच्या परवान्यात युनिक्सवाल्या एटी अँड टीने सोर्स कोड वर्गात शिकवायलाच बंदी घातली. झालं, भाष्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स जगभर फिरू लागल्या. अक्षरं पुसट होत गेली, वाचक वाढत गेले. रीतसर पुस्तक निघालं ते १९९६ साली. बंदी नसती तर एवढ्या प्रती कोण कशाला काढत बसलं असतं?

त्यामुळे कुणी घर विकून फ्लॅटमध्ये चाललंय असं कळलं, की आम्ही आधी वहिनींना फोन करतो. “आमच्या ह्यांचं सगळं कसं जागच्या जागी!” असं कौतुक ऐकू आलं, की शुभेच्छा देऊन फोन ठेवतो. “काही विचारू नका भावजी, तीस वर्षं एक कागद टाकू दिला नाही,” म्हणाल्या, की गाडीची डिकी रिकामी करायला घेतो.