फाटक बंद, झोळी उघडी

प्रति,
अ‍ॅरिझोना, फ्लोरिडा आणि आसपासच्या निवृत्तांच्या वसाहतींमधले, सध्या डबघाईला आलेले तमाम खासगी गोल्फ क्लब
(संचालक मंडळांच्या कृपावलोकनार्थ)

स. न. वि. वि.

आपली प्रकृती तोळामासा झाल्याचं ऐकून वाईट वाटलं. सभासद घटले, उरलेल्यांचे गुडघे कुरकुरतात, पाण्याचं बिल मात्र तरुण होत चाललंय. आता हिरवळ टिकवायची तर वसाहतीतल्या प्रत्येक घराने वर्षाकाठी काही डॉलर द्यावेत, खेळणाऱ्याने आणि न खेळणाऱ्यानेही, कारण मैदान हे साऱ्या गावाचं भूषण आहे, असं आपण म्हणता. आहेच ते भूषण. फक्त ते 'केवळ सभासदांसाठी' अशी पाटी लावलेल्या फाटकाच्या आत आहे. तरीही आपलं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मैदान बंद पडलं तर कुंपणालगतच्या घरांना झळ बसते, आणि त्या घरांतली माणसं सत्तरी-ऐंशीतली असतात. म्हणून मुकाट्याने हिशेबालाच बसू.

मुळात हे मैदान तिथे आलं कसं? १ जानेवारी १९६० रोजी डेल वेब या बिल्डरने फिनिक्सजवळच्या कापसाच्या शेतांत सन सिटी खुली केली, तेव्हा नमुना घरांइतकंच गोल्फ कोर्सही दाखवायला ठेवलं होतं. पहिल्या तीन दिवसांत लाखभर माणसं बघायला लोटली. देशभरच्या बिल्डरांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला: म्हातारपण विकता येत नाही, पण हिरवळीवरचं म्हातारपण विकता येतं. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल गोल्फ फाउंडेशनने शतक संपेपर्यंत दिवसाला एक नवं मैदान हवं असा अंदाज मांडला, आणि बांधणाऱ्यांना तेवढं निमित्त पुरलं. ही मैदानं स्वतःच्या कमाईवर जगावीत म्हणून बांधलेली नव्हतीच. ती प्लॉट खपवायला होती. फेअरवेलगतचा, म्हणजे खेळायच्या हिरव्या पट्ट्याशेजारचा, प्लॉट चढ्या भावाने गेला, तो चढा भाव बिल्डरने खिशात घातला, आणि शेवटचं घर विकल्यावर मैदान कधी क्लबाच्या, कधी एखाद्या कंपनीच्या गळ्यात बांधून तो पुढच्या शेताकडे वळला. २००६ पासून अमेरिकेत दरवर्षी उघडणाऱ्या मैदानांपेक्षा बंद पडणारीच जास्त निघाली, याचं नवल वाटायला नको. आपला आजार आजचा नाही. जन्मतःच जडलेला आहे.

वर्गणीने तो बरा होईल का, हे पाहायला एकदा फिनिक्सच्या हिरवळीकडे जवळून पाहावं. उन्हाळ्यात तिथे बर्म्युडा गवत वाढतं. थंडी पडली की ते निजतं आणि खाकी पडतं. पण थंडीतच तर उत्तरेकडचे पाहुणे येतात, आणि त्यांना खाकी गवत चालत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या सुमारास मैदान काही आठवडे बंद ठेवायचं, बर्म्युडा मातीपर्यंत खरवडायचं, वर रायग्रासचं बी पेरायचं, ते रुजेपर्यंत दिवसातून अनेकदा पाणी मारायचं. वसंत सरला की हे रायग्रास उन्हाने मरतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा पेरणी. भोकाभोवतालचं ग्रीन तर जेमतेम ३ मिलिमीटर उंचीवर, जवळजवळ रोज कापावं लागतं. या सगळ्या खर्चाला एक खोड आहे: दिवसाला चाळीस माणसं खेळोत की दोनशे, तो तेवढाच राहतो. त्यामुळे सभासद कमी झाले की उरलेल्यांची फी वाढते, फी वाढली की आणखी काही निघून जातात, आणि पुन्हा फी वाढते. त्यात तेजीच्या काळात जमिनीखाली पुरलेले पाण्याचे पाइप आणि फवारे आता वीस-पंचवीस वर्षांचे होऊन बदलायला आलेत. अशा गाड्यात शेजाऱ्यांनी ओतलेला पैसा एखादा हंगाम ढकलतो. पुढच्या ऑक्टोबरला आपण पुन्हा दारात उभे. दात कोरून पोट भरत नाही, ते असं.

बरं, आपल्यातले बरेच क्लब अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्यातल्या ५०१ (सी) (७) या कलमाखाली करमुक्त आहेत. त्यामागचा विचार साधा आहे: चार मित्रांनी स्वतःच्या करमणुकीसाठी पैसे एकत्र केले तर ते उत्पन्न नव्हे, म्हणून त्यावर कर नको. याचीच दुसरी बाजू अशी, की क्लबाने मुख्यतः सभासदांच्याच पैशावर जगावं. बाहेरून येणारी रक्कम एकूण जमेच्या ३५ टक्क्यांपर्यंतच चालते, आणि बाहेरच्यांनी सोयी वापरल्याबद्दलची १५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे कर वाचवताना आपण चार मित्र, आणि तोटा वाटताना अख्खा गाव. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते वेगळं काय असतं?

आता आपला हुकमी पत्ता: मैदान गेलं तर घरांचे भाव कोसळतील. फेअरवेला पाठ लावून असलेल्या घराचा भाव खाली येईल, हे मान्य. पण चार गल्ल्या आत राहणाऱ्या बाईच्या घरातून ना ते मैदान दिसतं, ना तिने त्या दृश्यासाठी कधी जादा किंमत दिली. तिच्या शेजाऱ्याची गुंतवणूक सावरण्याचं ओझं तिने का उचलावं? दुसरं, भाव टिकतो तो झेंडा लावलेल्या भोकामुळे कमी आणि मागे इमारत उभी राहणार नाही या खात्रीमुळे जास्त. आणि ही खात्री वर्गणीतून मिळत नाही, कागदातून मिळते. फिनिक्समधल्या अहवाटुकीचं उदाहरण घ्या. ती निव्वळ निवृत्तांची वसाहत नव्हे, पण पेच हाच. तिथलं लेक्स गोल्फ कोर्स २०१३ मध्ये बंद झालं आणि त्या जागेवर घरं बांधायचे बेत पुढे आले. रहिवासी कोर्टात गेले. त्या जमिनीच्या नोंदणीकृत अटींत तिथे गोल्फ कोर्सच राहील असं लिहिलेलं होतं. निकाल रहिवाशांच्या बाजूने लागला आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयानेही तो उचलून धरला. तिथे जे वाचलं ते त्या अटीने वाचवलं. एखाद्या वसाहतीने आधी दहा वर्षं क्लबाला वर्गणी देऊन पाहिली आणि कागदावर मात्र काहीच करून घेतलं नाही, तर अकराव्या वर्षी तिच्या हातात फक्त पावत्या असतील.

इथे आमच्याकडचा एक हुशार वाचक हात वर करील. महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च तळमजल्यावाल्यालाही सारखाच भरावा लागतो, तो लिफ्टमध्ये पाय ठेवो न ठेवो. मग गोल्फनेच काय घोडं मारलंय? उत्तर सोपं आहे. ती लिफ्ट सोसायटीची असते. तळमजल्यावाल्याला सर्वसाधारण सभेत मत असतं, हिशेब मागायचा हक्क असतो, आणि कुरकुर करण्याचा तर असतोच असतो. सन सिटीतच पाहा: तिथल्या रहिवाशांच्या संस्थेची स्वतःची आठ गोल्फ कोर्सेस आहेत आणि प्रत्येक घर वार्षिक आकार भरतं. गोल्फवर त्यातलं किती खर्चावं यावरून तिथे वाद होऊ शकतात, पण तो घरातला वाद. आपण मागताय तो शेजारच्या बिल्डिंगच्या लिफ्टचा खर्च, आणि वर त्या लिफ्टचा वॉचमन आम्हाला आत सोडत नाही.

'दिवस पालटतील, थोडी कळ काढा' असंही आपण सांगता. दिवस केव्हाच पालटले. करोनानंतर अमेरिकेत गोल्फला उधाण आलं. २०२३ मध्ये ५३ कोटींहून जास्त फेऱ्या खेळल्या गेल्या, तोवरचा तो उच्चांक. अशा सुगीत ज्याचं खळं रिकामं राहिलं, त्याने दुष्काळाचं कारण सांगू नये.

सक्तीच्या आकारणीबद्दलही दोन शब्द. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेत सोशल सिक्युरिटीची सरासरी निवृत्तिवेतन रक्कम महिना सुमारे १,९७६ डॉलर होती. निम्म्याशिम्म्या निवृत्तांना याहून कमीच मिळतं. ज्यांना मैदानाचं प्रेम आहे त्यांनी खुशाल देणगी द्यावी. त्यांच्या औदार्याला कुणी अडवलेलं नाही. पण बहुमताने ठराव करून एकट्या राहणाऱ्या विधवेच्या बिलात ती घुसवणं म्हणजे औदार्य नव्हे.

तरीही अडीअडचणीला शेजाऱ्याने धावून जावं, या मताचे आम्ही आहोत. म्हणून वसाहतीने पैसे जरूर द्यावेत, पण तोट्यासाठी नव्हे, जमिनीसाठी. ही जमीन कायम मोकळी राहील अशी अट आपण काउंटीच्या दप्तरी नोंदवावी आणि बांधकामाचा हक्क रहिवाशांच्या संस्थेला विकावा. त्याची रास्त किंमत घ्यावी. फेअरवेलगतच्या घरांनी त्यात मोठा वाटा उचलावा, आतल्या गल्ल्यांनी लहान. अठरातली नऊ होल बंद करावी लागली तर करावीत, तिथे चालायला वाट आणि वाळवंटात जगणारी झाडं चालतील. बर्म्युडाने वर्षातून एकदा खाकी व्हायचं ठरवलं तर त्यालाही होऊ द्यावं. आणि जे काही उरेल त्याच्या कारभारात रहिवाशांचे प्रतिनिधी मतासकट बसवावेत. हे पटत नसेल तर दुसरा मार्ग आहेच: क्लब खासगी आहे, तर तोटाही खासगी ठेवावा.

उत्तर पाठवताना गेल्या पाच वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, पाण्याची बिलं आणि जमिनीच्या अटींची प्रत जोडावी ही विनंती. माहितीपत्रक पाठवू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक बिगरसभासद हितचिंतक